घरांतल्या जुन्या नाण्यांचें मोल



कोल्हापुरांतल्या कित्येक घरीं लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनांत आजही एकदोन कलदार रुपये मांडले जातात. पूजा आटोपली कीं प्रश्न निघतोच : आज याचे किती येतील? नाणें जितकें जुनें तितकें महाग, अशी आपली सरसकट समजूत असते. ती खरी नाहीं.

प्रथम धातूचा हिशेब पाहूं. १८३५ सालीं कंपनी सरकारनें एकसारखा रुपया सुरू केला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यांत बारांपैकीं अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी सुमारें १०.६९ ग्रॅम भरते. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया तर निवळ निकेलचा. वजन तेंच, म्हणून तराजूवर फरक कळत नाहीं, साल वाचावें. गुजरींतला सराफ त्या दिवसाच्या भावानें चांदीचे पैसे देईल, वर वयाचें कांहीं देणार नाहीं.

वयापेक्षां दुर्मिळता मोठी. १८६२ हें साल छापलेले रुपये पुढें बारा वर्षें, १८७४ पर्यंत, पडत राहिले. म्हणून राणीछाप असूनही ते विपुल आहेत. उलट त्याहून कितीतरी धाकटा १९३९ चा रुपया अत्यंत विरळा. आणि म्हणूनच त्याची बनावटही फार होते. १९११ च्या रुपयाची हकीकत मोठी मौजेची आहे. बादशहाच्या झग्यावरील हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि बहुतेक रुपये वितळविण्यांत आले. जे बाहेर राहिले त्यांस आज हौशी संग्राहक चांदीहून अधिक मोल देतात.

शिवराईची गोष्ट निराळी. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा हा तांब्याचा पैसा पेशवाईअखेरपर्यंत व त्यानंतरही कांहीं काळ ठिकठिकाणच्या टांकसाळींतून पडला. आडव्या दोन रेघांची दुदांडी शिवराई तर आजही पुष्कळ आढळते. सबब हातीं आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातींतली नव्हे. खरा दुर्मिळ तो त्यांचा सोन्याचा होन. शिवराईचें मोल अक्षरांच्या स्पष्टतेवर ठरतें, आणि आपल्या गृहिणी तीच शिवराई पितळी भांड्यांबरोबर चिंचेनें लख्ख घासून ठेवतात! तांब्यावरची ती काळी झांक गेली कीं जाणता गिऱ्हाईक हात आंखडतो.

आतां फसवणुकीविषयीं. राम-सीता किंवा मारुतीची आकृति व १८१८ साल असलेलीं ‘कंपनीचीं नाणीं’ जत्रेंत विकतात. कंपनीनें अशीं नाणीं कधींच पाडलीं नाहींत. तीं केवळ देवाचीं टाकें होत. याहून वाईट प्रकार दूरध्वनीवरचा : तुमच्या नाण्यास लाखों रुपये देतों, अगोदर नोंदणीची फी भरा. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट १९२१ नव्हे, ऑगस्ट २०२१ मध्यें जाहीर केलें कीं अशा व्यवहारांशीं तिचा संबंध नाहीं, आणि फी वा दलाली घेण्याचा अधिकार तिनें कोणासही दिलेला नाहीं. विकणाराकडूनच आधीं पैसे मागणारा गिऱ्हाईक नाण्याचा नसून तुमच्या पैशाचा आहे.