जेसीबीचा अंगठा: ताकद किती आणि माघार कुठे?

आजचा विषय, जेसीबीचा अंगठा. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, आपण बॅकहोला जेसीबीच म्हणतो, तर तेच चालू ठेवू.

आधी स्वतःचा हात बघा. अंगठा बाजूला ठेवून चार बोटांनी मोठा दगड उचलायचा प्रयत्न करा. निसटतो ना? मागच्या बकेटचं तेच होतं. माती भरते, पण धोंडा किंवा झाडाचं खोड घसरतं. मग कुणीतरी साखळी बांधायला बकेटजवळ जातो. तो माणूस लांब राहावा, म्हणून अंगठा.

रचना साधी आहे. आर्मच्या केबिनकडच्या बाजूला जाड प्लेटचा पाया, त्यावर पिनेवर फिरणारा दातेरी पंजा आणि त्याला ढकलणारा हायड्रॉलिक सिलिंडर. आधी प्लायवूडचा साचा कापा, बकेट उघडमीट करून बघा. दाते बकेटला नीट भेटले पाहिजेत, आणि अंगठा मागे घेतल्यावर खोदकामात आड यायला नको.

आता खरी गोम. 63 मिलिमीटर बोअरचा सिलिंडर 200 बारला सहा टनांहून थोडा जास्त जोर देतो. पण समजा अंगठा 100 सेंटिमीटर लांब आहे आणि सिलिंडर पिनेपासून 25 सेंटिमीटरवर काटकोनात ढकलतोय. मग टोकाला पावच जोर उरतो, साधारण दीड टन. बकेट त्याच टोकावर चार टनांनी दाबली, तर सिलिंडरवर येतात सोळा टन! आत अडकलेल्या तेलाचा दाब 500 बारच्या वर जातो. मग हौस फुटते, रॉड वाकतो, नाहीतर वेल्ड उखडतो.

"मशीनला रिलीफ व्हॉल्व्ह आहे की!" आहे, पण तो पंपाकडे. लिव्हर मध्ये असताना अंगठ्याचं तेल वेगळं कोंडलेलं असतं. म्हणून कंट्रोल व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मधे वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह हवा. तो जादा तेल टाकीकडे सोडतो आणि अंगठा थोडा माघार घेतो. सेटिंग हौस आणि सिलिंडरच्या मर्यादेच्या आत ठेवा, आणि ते हायड्रॉलिकवाल्याकडून गेज लावूनच करून घ्या.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, अर्थ कामाच्या जवळच लावा. आर्मला आडवा वेल्ड मारू नका, तडा तिथूनच सुरू होतो. वेल्ड लांबीच्या दिशेने घ्या.

आणि लीक हाताने कधीच शोधू नका. बारीक धार कातडीत घुसते, वरून टाचणीएवढा ठिपका दिसतो, पण आत तेल पसरतं आणि बोट गमवायची वेळ येते. पुठ्ठा फिरवून बघा. असं काही झालंच, तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा.

अंगठा बनवून घेणारा कुणी ओळखीचा असेल, तर त्याला हा भाग पाठवा आणि विचारा, "रिलीफ व्हॉल्व्ह कुठे बसवलास?" चला, भेटू पुढच्या भागात!