दोन वर्षांचे कॉलेज, चार वर्षांची पदवी
कॅलिफोर्नियातील पत्रकारितेच्या शिक्षणाचे नियोजन

अमेरिकेत पत्रकारितेची पदवी मिळवण्यासाठी शालेय शिक्षण संपताच थेट विद्यापीठात प्रवेश घ्यावा लागतो असे नाही. पहिली दोन वर्षे घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात आणि उरलेली दोन वर्षे विद्यापीठात, असा मार्ग तेथे बराच काळ रुळलेला आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे स्थानिक करांतून आणि राज्याच्या अनुदानातून चालणारे, प्रवेशासाठी गुणांची कडक चाळणी न लावणारे, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाअखेर ‘असोसिएट’ ही पदवी देणारे सार्वजनिक महाविद्यालय. तेथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याला ‘ट्रान्स्फर’ म्हणतात. हा मार्ग स्वस्त आहे आणि सर्वांना खुला आहे. मात्र तो आपोआप पार पडत नाही, कारण दोन वेगळ्या संस्थांचे नियम जुळवण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी विद्यार्थ्यावरच येऊन पडते.

व्यवस्थेची घडण

इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे १९०१ मध्ये सुरू झाले आणि आजही चालू असलेल्या अशा सार्वजनिक महाविद्यालयांत ते सर्वांत जुने मानले जाते. त्यानंतर सातच वर्षांनी, १९०८ मध्ये, वॉल्टर विल्यम्स यांच्या पुढाकाराने मिझुरी विद्यापीठात पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय उघडले आणि छापखान्यात उमेदवारी करून शिकण्याच्या या व्यवसायाला विद्यापीठीय शिस्तीची जोड मिळाली. हे दोन प्रवाह एकत्र येऊन काय घडू शकते याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकी सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील ‘न्यूजअवर’चे ख्यातनाम निवेदक जिम लेहरर; टेक्सासमधील व्हिक्टोरिया कॉलेज या दोन वर्षांच्या महाविद्यालयातून शिकून ते मिझुरीत गेले आणि तेथून त्यांनी पत्रकारितेची पदवी घेतली.

या मार्गाला सर्वांत पद्धतशीर रूप कॅलिफोर्नियाने दिले. तेथील १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्याने कामाची तीन थरांत वाटणी केली : शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’साठी, वरचे एक तृतीयांश ‘कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी’साठी, आणि कम्युनिटी कॉलेजे सर्वांसाठी. पहिल्या दोन थरांत सुरुवातीला जागा न मिळालेल्यांना तिसऱ्या थरातून वर चढता यावे ही या आराखड्याची नैतिक बाजू होती आणि ट्रान्स्फर हा त्याचा कणा होता. आज राज्यात अशी ११६ महाविद्यालये आहेत.

शेवटाकडून सुरुवात

नियोजनाचे पहिले सूत्र असे, की विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजच्या विषयसूचीपासून आरंभ न करता ज्या विद्यापीठातून अंतिम पदवी घ्यायची आहे त्याच्या अपेक्षांपासून मागे येत आखणी करावी. अमेरिकी पदवी श्रेयांकांत मोजली जाते. आठवड्याला एक तास वर्ग आणि त्याला लागून साधारण दोन तासांचा स्वाध्याय, असे सत्रभर केले की एक श्रेयांक मिळतो आणि बहुतेक विषय तीन श्रेयांकांचे असतात. चार वर्षांच्या पदवीला सामान्यतः १२० श्रेयांक लागतात, म्हणजे त्यांपैकी ६० कम्युनिटी कॉलेजात पूर्ण करायचे असतात. काही कॉलेजे सहामाही सत्रांऐवजी तिमाही पद्धतीने चालतात. तेथे हाच हिशेब दीडपट होऊन ६० च्या जागी ९० येतात. क्युपर्टिनोचे डी अँझा कॉलेज, ज्याच्या परिसरात संगणक उद्योगातील अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत, हे असेच तिमाही पद्धतीचे महाविद्यालय आहे.

कोणत्या कॉलेजातला कोणता विषय कोणत्या विद्यापीठातल्या विषयाच्या बरोबरीचा, हे ठरवणाऱ्या कराराला ‘आर्टिक्युलेशन’ म्हणतात. कॅलिफोर्नियातील सार्वजनिक संस्थांचे असे करार ‘असिस्ट’ या राज्यव्यापी संगणकीय सूचीत कोणालाही पाहता येतात. याशिवाय २०१० मध्ये झालेल्या कायद्याने ‘ट्रान्स्फरसाठीची असोसिएट पदवी’ निर्माण केली. तिचे ६० श्रेयांक ठरल्याप्रमाणे पुरे करणाऱ्या विद्यार्थ्याला स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत प्रवेशाची हमी मिळते आणि समरूप विषयातील पदवी पुढच्या ६० श्रेयांकांत पूर्ण करता येते. पत्रकारितेसाठीही ही पदवी उपलब्ध आहे; मात्र हमी संपूर्ण व्यवस्थेपुरती असते, विशिष्ट आवारापुरती नसते, म्हणून सॅन होजे, नॉर्थरिज, फुलर्टन किंवा लाँग बीच यांपैकी एकावरच आशा ठेवणे धोक्याचे ठरते.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची रीत वेगळी आहे. तिच्या सहा आवारांत, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ येथे, अटी पूर्ण करणाऱ्यांना आगाऊ प्रवेशहमी मिळू शकते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो येथे ती मिळत नाही. बर्कलीचे पत्रकारिता विद्यालय मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे, तर अर्व्हाइनमध्ये साहित्यिक पत्रकारिता, म्हणजे दीर्घ वृत्तांताला कथनाची शिस्त देणारे लेखन, या विषयात पदवी घेता येते. अशा आवारांकडे जाणाऱ्याने इतिहास, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पत्रकारितेचा सराव विद्यार्थी वृत्तपत्रात करण्याचा पर्यायही गंभीरपणे विचारात घ्यावा.

पत्रकारितेचे विषय मोजकेच का?

पत्रकार व्हायचे म्हणून कम्युनिटी कॉलेजात पत्रकारितेचे मिळतील तेवढे विषय घ्यावेत, ही समजूत स्वाभाविक असली तरी महागात पडते. पत्रकारिता व जनसंज्ञापन अभ्यासक्रमांचे मूल्यमापन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या निकषांनी दीर्घकाळ असा आग्रह धरला आहे, की विद्यार्थ्याचे किमान ७२ श्रेयांक पत्रकारितेबाहेरच्या विषयांतले असावेत. १२० च्या पदवीत मग पत्रकारितेसाठी जास्तीत जास्त ४८ उरतात आणि त्यांतील मोठा वाटा विद्यापीठ स्वतः शिकवू इच्छिते. परिणामी कॉलेजात घेतलेले जादा विषय ऐच्छिक म्हणून कसेबसे जमा होतात किंवा वायाच जातात. ही हानी केवळ पत्रकारितेतली नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक नव्या ठिकाणी मान्य झाले नाहीत.

म्हणून पहिल्या दोन वर्षांत बातमीलेखनाचा पाया, जनसंज्ञापनाचा परिचय आणि विद्यार्थी माध्यमातील प्रत्यक्ष काम एवढे पत्रकारितेचे विषय ठेवून उरलेली जागा सामान्य शिक्षणाला द्यावी. राज्यात २०२५ च्या शरद सत्रापासून ‘कॅल-गेटसी’ नावाची ३४ श्रेयांकांची एकच सामान्य शिक्षणसूची दोन्ही विद्यापीठव्यवस्थांसाठी लागू झाली आहे. तिच्यात लेखन, चिकित्सक विचार, वक्तृत्व, गणित, विज्ञान, समाजशास्त्रे आणि वांशिक अध्ययन येते. या सूचीतला गणिताचा विषय संख्याशास्त्राने भागवणारा भावी वार्ताहर अंदाजपत्रक आणि जनमत चाचणी वाचायला शिकतो, राज्यशास्त्र घेणारा नगरपरिषदेच्या अधिकारांची सीमा ओळखतो. बातमीचे तंत्र काही महिन्यांत हाती येते. बातमी कशाची आहे हे कळण्यासाठी लागणारे ज्ञान याच विषयांतून येते.

विद्यार्थी वृत्तपत्र

वर्गाबाहेरचे खरे शिक्षण कॉलेजच्या वृत्तपत्रात घडते. सांता मोनिका कॉलेजचे ‘कॉर्सेअर’, सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजचे ‘गार्ड्‌समन’, एल कमिनोचे ‘युनियन’ आणि डी अँझाचे ‘ला व्होझ’ ही या परंपरेतली काही नावे. मोठ्या विद्यापीठात संपादकपदापर्यंत पोहोचायला तिसरे-चौथे वर्ष उजाडते. लहान कॉलेजात तेच काम वर्षभरात अंगावर पडते आणि स्वतःच्या नावानिशी प्रसिद्ध झालेल्या बातम्यांचा संग्रह हाती येतो. हाच संग्रह पुढे इंटर्नशिप, म्हणजे वृत्तसंस्थेतील उमेदवारी, मिळवताना गुणपत्रिकेइतकाच उपयोगी पडतो.

या वृत्तपत्रांना विषयांची वाण नसते. कॅलिफोर्नियातील १९५३ च्या ब्राउन कायद्याने स्थानिक संस्थांच्या बैठका जनतेला खुल्या ठेवणे बंधनकारक केले आणि कम्युनिटी कॉलेजची विश्वस्त मंडळेही त्याच्या कक्षेत येतात. सरकारी कागदपत्रे मागण्याचा हक्क १९६८ च्या कायद्याने दिला. भारतातील २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची उपयुक्तता अनुभवलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला या साधनांचे मोल वेगळे सांगायला नको. शुल्कवाढीचा ठराव, वसतिगृहांचा अभाव, तात्पुरत्या प्राध्यापकांचे वेतन, अशा विषयांवर विश्वस्तांच्या बैठकीत बसून, कागद मागवून, दोन्ही बाजूंना विचारून लिहिलेली बातमी ही पत्रकारितेच्या सर्व नियमांची एकत्रित परीक्षा असते.

खर्च, मुदती आणि परदेशी विद्यार्थी

राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात २०१२ पासून प्रति श्रेयांक ४६ डॉलर शुल्क पडते, म्हणजे ६० श्रेयांकांचे एकूण २,७६० डॉलर होतात. त्याउलट स्टेट युनिव्हर्सिटीचे एका वर्षाचेच शिक्षणशुल्क २०२४-२५ मध्ये ६,०८४ डॉलर होते. अल्प उत्पन्न गटासाठीच्या संघराज्याच्या ‘पेल’ अनुदानाला साधारण सहा वर्षांची आजन्म मर्यादा आहे, त्यामुळे कॉलेजात रेंगाळणाऱ्याचे अनुदान विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षी संपू शकते. शरद सत्रातील प्रवेशाचे अर्ज आदल्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरले जातात. म्हणजे दोन वर्षांत बाहेर पडणाऱ्याने दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच निर्णय घेतलेला असावा लागतो. दर सत्रात समुपदेशकाची भेट घेऊन लिखित शिक्षणयोजना अद्ययावत करणे याचसाठी आवश्यक आहे.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांसाठी गणित निराळे आहे. रहिवाशांचा दर त्यांना लागू होत नाही, प्रत्यक्ष शुल्क त्याच्या कित्येक पट असते, आणि ‘पेल’ अनुदानही मिळत नाही. दर सत्रात पदवीपूर्व विद्यार्थ्याला १२ श्रेयांकांचा पूर्णवेळ अभ्यास राखावा लागतो आणि कॅम्पसबाहेरच्या सवेतन उमेदवारीसाठी परवानगी घ्यावी लागते. भारतातही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी सुरू झाली आहे. कॅलिफोर्नियाचा अनुभव तिच्यासाठीही बोधप्रद आहे : श्रेयांक साठवण्याची सोय झाल्याने ते आपोआप स्वीकारले जात नाहीत, संस्थांमध्ये विषयवार करार व्हावे लागतात.

अमेरिकी वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांतील नोकऱ्या २००८ मधील सुमारे ७१,००० वरून २०२० मध्ये सुमारे ३१,००० वर आल्या, असे प्यू संशोधन केंद्राने नोंदवले आहे. अशा काळात चार वर्षांचे मोठे कर्ज डोक्यावर घेऊन या व्यवसायात उतरणाऱ्या पदवीधराला पहिल्या कमी पगाराच्या, लहान गावातल्या नोकरीला नकार देणे भाग पडते आणि स्थानिक बातमीदारी आणखी क्षीण होते. कम्युनिटी कॉलेजातून नेटकी आखणी करून पुढे गेलेला विद्यार्थी कमी कर्ज, रुंद विषयज्ञान आणि स्वतःच्या परिसराच्या कारभारावर लिहिण्याची सवय घेऊन विद्यापीठात पोहोचतो. नगरपरिषदांच्या आणि शाळा मंडळांच्या बैठकांना वार्ताहर हजर राहावा असे ज्या समाजाला वाटते, त्याने हा मार्ग दुय्यम न मानता त्यातले करार, समुपदेशन आणि विद्यार्थी वृत्तपत्रे यांवर खर्च केला पाहिजे.