डोके स्थिर ठेवणारा मुखवटा

मेंदूतील गाठीवर रेडिएशन, म्हणजे किरणोपचार, देताना डोके काही मिलिमीटर हलले तरी किरण निरोगी भागावर पडू शकतात. म्हणून जाळीदार प्लास्टिकचा पत्रा सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ करून, कोमट होताच चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत त्याचा कडक मुखवटा बनतो. उपचाराच्या प्रत्येक वेळी तोच टेबलाला अडकवतात. खुणाही त्यावरच करतात.

जाळीतून श्वास घेता येतो. किरण देताना दुखत नाही. तंत्रज्ञ बाहेरून कॅमेऱ्यावर पाहत असतात. हात वर केल्यास यंत्र थांबवतात. मुखवटा सैल वा घट्ट वाटल्यास लगेच सांगावे.

हे ठाऊक नसल्याने काही रुग्ण घाबरतात. बंधू-भगिनींनो, रुग्णासोबत जाल तेव्हा त्याला हे अगोदर समजावून सांगा. अविद्या हे दुःखाचे मूळ आहे, ही तथागतांची शिकवण येथेही लागू पडते.