जुना फोन देताना



जुना स्मार्टफोन गावातल्या कुटुंबाला द्यायचा आहे, त्यात कोणती ॲप असावीत, असे तुमच्यापैकी अनेक जण विचारतात. व्हॉट्सॲप आणि यूट्यूब मुले स्वतःच शिकतात. मी आणखी चार सुचवेन.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ आसपास वीज पडण्याचा धोका कळवते. रोवणीच्या दिवसांत बांधीत राबणाऱ्यांना वेळीच पक्के घर गाठता येते. मात्र त्यासाठी इंटरनेट आणि लोकेशन सुरू लागते. रेंज नसेल तिथे गडगडाट ऐकताच निघावे, झाडाखाली थांबू नये.

2015 साली आलेल्या ‘डिजिलॉकर’मध्ये सरकारी कार्यालयाकडून थेट आलेली प्रमाणपत्रे मूळ कागदाइतकीच ग्राह्य असतात. घर गळले तरी ती भिजत नाहीत. आपण फोटो काढून ठेवलेल्या कागदाला मात्र तो दर्जा नाही.

‘भीम’ 2016 पासून आहे. त्यावरून नागपुरातल्या वसतिगृहात शिकणाऱ्या लेकीला गावाहून पैसे धाडता येतात. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही; जो मागेल तो ठग समजावा.

केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालयाचे ‘आदिवाणी’ 2025 साली आले. ते गोंडी, भिली, संथाली आणि मुंडारी भाषांत अनुवाद करते. गोंडी गावागावांत बदलते, म्हणून अनुवाद घरच्या आजीकडून तपासून घ्यावा.

तेव्हा फोन देण्याआधी आपली माहिती पुसून टाका, आणि दिल्यावर अर्धा तास त्या कुटुंबाजवळ बसा. दाखवणारे कोणी नसेल, तर ॲप हे पडद्यावरचे नुसते चित्रच राहते.