शुश्रूषेचा रकाना

पाठीच्या कण्यात गोळी बसून कमरेखालची संवेदना कायमची हरपलेला जवान लष्करी इस्पितळातून गावी परततो, तेव्हा त्याच्या शौर्याची वार्ता पंचक्रोशीत पोहोचते. परंतु रात्री दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवणारी, शय्याव्रण होऊ नये म्हणून त्याची पाठ न्याहाळणारी, मूत्रनलिका स्वच्छ राखणारी आणि एवढे उरकून पहाटे गोठ्यात शिरणारी त्याची कारभारीण सरकारी दफ्तरात पत्नी म्हणून, फार तर वारस म्हणून नोंदलेली असते. शुश्रूषा करणारी म्हणून तिला तेथे रकानाच नाही.

सरकारने या घरांकडे पाठ फिरवली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याचे अपंगत्व शंभर टक्के ठरले आहे आणि ज्याला अहोरात्र दुसऱ्याच्या हाताची गरज आहे, असा स्पष्ट अभिप्राय वैद्यकीय मंडळाने दिला आहे, त्या सैनिकाला निवृत्तिवेतनाखेरीज 'कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स' मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, त्याची रक्कम दरमहा ६,७५० रुपये ठरली, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी चढला की ती २५ टक्क्यांनी वाढावी अशी तरतूदही झाली. मात्र हा भत्ता सैनिकाच्या नावे जमा होतो. तो सरकारी इस्पितळात दाखल असेल, तर तेवढ्या मुदतीपुरता थांबतो, जणू त्या दिवसांत इस्पितळाच्या ओसरीवर बसून राहिलेल्या बाईचे कष्टही थांबले! त्याच्या मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळते खरे, परंतु ते वैधव्याचे असते, तिने वर्षानुवर्षे केलेल्या शुश्रूषेचे नव्हे.

ज्यांची देखभाल घरी होणे अशक्य, अशांसाठी पुण्यानजीक खडकी येथे १९७४ पासून पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत, जिला सारे 'ईसीएचएस' म्हणतात, पत्नी आणि अवलंबित आईवडीलही येतात. तेव्हा पुरुषाचा जड देह वर्षानुवर्षे उचलून जिचा मणका झिजला, तिने स्वतःच्या दुखण्यासाठीही ते कार्ड घेऊन जावे. तो तिचा हक्क आहे, आणि आपले दुखणे मागे टाकण्याची सवय जडलेल्या बायकांना हे पुनःपुन्हा सांगावे लागते.

अमेरिकेने २०१० साली कायदा करून जायबंदी सैनिकाची सेवा करणाऱ्या आप्ताला स्वतःच्या नावे मासिक वेतन देऊ केले, आणि त्या आप्ताला वर्षातून निदान तीस दिवस विसावा मिळावा म्हणून पर्यायी देखभालीची व्यवस्था केली. त्या संपन्न देशाच्या रकमांशी आपण स्पर्धा करू नये. परंतु तो रकाना आपल्या नियमांत आणण्यास खजिन्याची नव्हे, इच्छेची उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर ज्या घरी असा सैनिक आहे, त्या घरच्या स्त्रीने निवृत्तिवेतनाचा आदेश आणि वैद्यकीय मंडळाचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वतः जावे, परिचारकाची शिफारस त्यांत लिहिलेली आहे की नाही हे कल्याण संघटकाकडून वाचून घ्यावे, आणि ती नसेल तर फेरतपासणीचा अर्ज त्याच दिवशी दाखल करून त्याची पोच मागून घ्यावी.