वस्तूचा नवा घाट : आधी नोंदणी, मग प्रदर्शन

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील न्हावरे हा उसाचा परिसर. शेतीच्या अवजारांची गरज येथे बारमाही असते. अशा गावातील एखाद्या कारागिराने नव्या घाटाचे कोळपे तयार केले, ते बाजारात मांडले आणि पुढच्याच हंगामात हुबेहूब तसेच कोळपे दुसऱ्याच्या नावाने विक्रीस आले, तर त्याला दाद मिळेल काय? याचे उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे : माल लोकांपुढे ठेवण्यापूर्वी त्याने नोंदणीचा अर्ज केला होता काय?

कायद्याचे स्वरूप

१९११ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा डिझाइन अधिनियम, २००० हा ११ मे २००१ पासून अमलात आला. वस्तूचा आकार, नक्षी, रेषा वा रंगांची मांडणी, म्हणजे डोळ्यांना जाणवणारे रूप, एवढ्यालाच तो संरक्षण देतो. कोळप्याची रचना नवे काम करीत असेल, तर त्या कार्यपद्धतीसाठी पेटंटचा स्वतंत्र मार्ग आहे. नोंदणी प्रथम दहा वर्षे टिकते व ती आणखी पाच वर्षे वाढविता येते. नक्कल करणाऱ्याकडून दर उल्लंघनामागे २५,००० रुपयांपर्यंत, परंतु एका डिझाइनपोटी ५०,००० रुपयांहून अधिक नाही, इतकी रक्कम वसूल करता येते. अथवा नुकसानभरपाई व मनाईहुकमासाठी दावा लावता येतो. असा दावा जिल्हा न्यायालयापेक्षा खालच्या न्यायालयात चालत नाही.

मात्र रूप नवे हवे. देशात वा परदेशात ते आधी प्रसिद्ध झालेले असल्यास नोंदणी मिळत नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती सवलत आहे; तीही आगाऊ सूचना देऊन सहा महिन्यांत अर्ज केला तरच.

कोल्हापुरीचा धडा

परंपरेने चालत आलेला घाट नवा नसल्याने या कायद्यात बसत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच घाटाच्या चपला सादर केल्या, तेव्हा कोल्हापुरीचा उल्लेख केला नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र जुलै २०२५ मध्ये याविषयीची जनहित याचिका फेटाळली. मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांनीच दाद मागावी, असा त्याचा आशय होता. मानांकनाचा मुख्य भर नावाच्या व उगमाच्या रक्षणावर असतो. नाव न वापरता घाट उचलला गेला, तर ते कवच अपुरे पडू शकते. तथापि त्याच चपलेवर कारागिराने स्वतः योजिलेली नवी वेणी वा नक्षी डिझाइन म्हणून नोंदविता येते.

गावपातळीवर काय करावे

अर्ज ऑनलाइन करता येतो. २०२१ च्या सुधारित नियमांनी लघु उद्योगांनाही व्यक्तीइतकीच अल्प फी लागू केली. ग्रामपंचायतीने बचत गटांना व कारागिरांना ही माहिती द्यावी, शिक्षकांनी अर्जाला जोडावयाची छायाचित्रे व वर्णन तयार करण्यास हातभार लावावा, आणि प्रदर्शन भरविणाऱ्या अधिकाऱ्यांनी दालन देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : "नोंदणीचा अर्ज केला काय?" या एका प्रश्नाने कारागिराची अनेक महिन्यांची मेहनत वाचू शकेल.