कुमारीकंडम आणि सदतीसचा पाढा

१८६४ साली लंडनमधल्या फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाला एक कोडं सुटत नव्हतं. लेमूर मादागास्करमध्ये मुबलक. शेजारच्या आफ्रिकेत त्यांचे भाऊबंद मोजकेच. आणि अख्खा हिंदी महासागर ओलांडल्यावर दक्षिण भारतात मात्र त्यांच्याच नात्यातले लोरिस झाडांवर बसलेले. हे पोहत तर आले नसणार! तेव्हा मधे एक खंड होता आणि तो पुढे बुडाला, असं स्क्लेटरने मानलं आणि लेमूरवरून त्याचं नाव ठेवलं लेमुरिया. त्या काळी हे हसण्यासारखं नव्हतं. खंड सरकतात ही कल्पना आल्फ्रेड वेगेनरने मांडली १९१२ मध्ये, आणि बहुतेक भूवैज्ञानिकांना ती पटेपर्यंत १९६०चं दशक उजाडलं. ती पटली आणि लेमुरियाची गरजच उरली नाही. विज्ञानाने तो खंड सोडून दिला. तोवर तो चेन्नईला पोचून तिथला रहिवासी झाला होता.

पोचण्याची एक वाट अड्यारची. थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्यालय १८८२ पासून मद्रासमध्ये अड्यार नदीच्या मुखाजवळ आहे. संस्थेच्या एक संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८८८ च्या ‘द सिक्रेट डॉक्ट्रिन’ या ग्रंथात लेमुरियावर अवाढव्य आदिमानवांचा एक वंशच वसवला. लेमूर गेले, माणसं आली. विसाव्या शतकात अनेक तमिळ विद्वानांना याच खंडात आपली बुडालेली मायभूमी दिसू लागली आणि लेमुरियाचं कुमारीकंडम झालं. १९८१ मध्ये मदुराईच्या जागतिक तमिळ परिषदेत राज्य सरकारच्या खर्चाने बनलेला त्यावरचा माहितीपटही दाखवला गेला. इतिहासकार सुमती रामस्वामी यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात या प्रवासाचा माग काढला आहे.

समुद्राने गिळलेल्या भूमीची कथा मात्र थिऑसॉफिस्टांनी आणलेली नाही. ती तमिळ परंपरेत कितीतरी जुनी आहे. ‘इरैयनार अगप्पोरुळ’ या ग्रंथावरची टीका साधारण आठव्या शतकातली मानतात. तीत तीन कविसभांची, म्हणजे संगमांची, हकिकत येते. पहिला संगम दक्षिण मदुराईत ४,४४० वर्षं चालला. ते नगर समुद्राने घेतलं. दुसरा कपाटपुरम येथे ३,७०० वर्षं. तेही समुद्राने घेतलं. तिसरा आजच्या मदुराईत, १,८५० वर्षं. आता या तिन्ही आकड्यांना सदतीसने भागून पाहा: १२०, १०० आणि ५०. बाकी शून्य. ‘शिलप्पदिकारम’चा टीकाकार अडियार्कुनल्लार बुडालेल्या भूमीत ४९ नाडू, म्हणजे प्रांत, होते असं सांगतो. सातांचे सात गट. राज्यं बुडतात तेव्हा अशी पाढ्यात बसून बुडत नाहीत. हे आकडे रचणाऱ्याला काळ मोजायचा नव्हता, आपल्या कवितेची थोरवी सांगायची होती, आणि ती त्याने झोकात सांगितली. त्याच्या ओळींवरून महासागरात नकाशा आखू पाहणारे आपण अडाणी.

आणि यात फक्त तमिळांना हसू नये. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला ही कोकणाची कथा आपण शाळेच्या सहलीत ऐकलेली असते. मत्स्यावताराचंच बघा. शतपथ ब्राह्मणात मनूची नाव उत्तरेच्या पर्वताला लागते. महाभारतात तो चीरिणी नदीकाठी तप करतो आणि नाव हिमालयाच्या शिखराला बांधतो. भागवतापर्यंत येता येता तो द्रविड देशाचा राजा सत्यव्रत होतो आणि मासा त्याच्या ओंजळीत येतो तो कृतमाला नदीत. ही कृतमाला म्हणजे मदुराईची वैगै, असं सहसा मानलं जातं. सांगणारा जिथला, प्रलय तिथला. एकाच घटनेची ही साक्ष असती, तर नदी अशी गावोगाव फिरली नसती.

हिमालयापर्यंत चढलेला हा प्रलय शब्दशः वाचायचाच, तर हिशेबही शब्दशः करावा लागतो. ८,८४९ मीटरचं एव्हरेस्ट बुडवायला आजच्या समुद्रपातळीच्या वर सुमारे ४५० कोटी घन किलोमीटर पाणी हवं. पृथ्वीवरचं सगळं पाणी, महासागर, बर्फ आणि भूजल धरून, भरतं सुमारे १३९ कोटी. पाऊस म्हणाल, तर वातावरणातली सगळी वाफ एकदम कोसळली तरी पृथ्वीभर सरासरी अडीच सेंटीमीटर पाणी साचेल. चेन्नईची एक दुपार.

कुमारीकंडमवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र पक्की आहे. वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. पाल्कची सामुद्रधुनी कोरडी होती, श्रीलंकेला पायी जाता येत होतं आणि कन्याकुमारीच्या दक्षिणेलाही जमिनीची एक पट्टी उघडी होती. ती बुडाली, हे खरं. पण ती पट्टी होती, खंड नव्हे. तिच्यापलीकडे समुद्राचा तळ एकदम हजारो मीटर खोल जातो. बुडण्याचा वेगही पाहा. समुद्र सर्वात झपाट्याने चढला त्या काळातही वर्षाला चार-पाच सेंटीमीटर, म्हणजे माणसाच्या एका आयुष्यात तीनेक मीटर. आजोबांचं शेत नातवाच्या वेळी खाडीत गेलं असेल. रात्रीतून राजधानी गेली नसेल. २०१३ आणि २०१७ मध्ये मॉरिशसच्या वाळूत आणि लाव्हात बेटापेक्षा फार फार जुने झिर्कॉनचे कण सापडले, तेव्हा ‘हरवलेला खंड मिळाला’ असे मथळे झळकले. तो भूखंडाचा तुकडा खरा, पण तुटला आणि बुडाला तो डायनोसॉरच्या काळात. कविसभा भरवायला तेव्हा कोणी नव्हतं.

इतक्या जुन्या समुद्रवाढीची आठवण तोंडोतोंडी टिकू शकते का? ऑस्ट्रेलियात पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी किनाऱ्यावरच्या २१ ठिकाणच्या आदिवासी कथा तपासून ‘टिकू शकते’ असं म्हटलं आहे. पण त्यांनी प्रत्येक कथेची जागा समुद्राच्या खोलीशी ताडून पाहिली. अमुक बेट किनाऱ्याला कधी जोडलेलं होतं, हे तपासता येतं. अडियार्कुनल्लारचं ४९ नाडूंचं राज्य तपासायचं कुठे?

चेन्नईतच याचा उलटा धडा मिळतो. पल्लीकरणैच्या पाणथळीला लागून राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेचा परिसर आहे. या संस्थेला २०००-२००१ मध्ये खंभातच्या आखातात प्रदूषण-पाहणी करताना सोनारवर चौकोनी आकार दिसले. मे २००१ मध्ये केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी बुडालेल्या प्राचीन वसाहतीची घोषणा केली. पुढे तळातून ओढून काढलेल्या एका लाकडाचं वय साडेनऊ हजार वर्षं निघालं, आणि हडप्पाच्याही आधीचं नगर सापडल्याचा गाजावाजा झाला. कार्बन-१४ सांगतो ते झाड कधी मेलं एवढंच. ते नगरात वापरलं होतं हे कळायला लाकूड कुठल्या थरात, कशाशेजारी पडलं होतं ते हवं. तळ खरवडून काढलेल्या वस्तूला थरच नसतो. त्यात या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात. तिथला प्रवाह कुठलं लाकूड कुठे नेऊन टाकील याचा नेम नाही. पुरातत्त्वज्ञांनी हे आक्षेप लगेच घेतले. मथळे मात्र आधी छापून झाले होते.

याउलट महाबलीपुरम. इथे सात देवळं होती, सहा समुद्रात गेली, ही दंतकथा अठराव्या शतकात विल्यम चेंबर्सने टिपली. २००२ मध्ये गोव्याच्या दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे ब्रिटिश पथकाबरोबर उतरले आणि पाच ते आठ मीटर खोलीवर त्यांना भिंतींचे अवशेष, घडीव दगड दिसले. संस्थेच्या अभ्यासकांच्या अंदाजाने हा किनारा वर्षाला सुमारे अर्धा मीटर झिजतो. पल्लवांपासून तेराशे वर्षं धरली तर झीज होते साडेसहाशे मीटर. अवशेष पाण्यात साधारण तेवढ्याच अंतरावर आहेत. प्रलयाची गरजच पडत नाही.

मग २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली. महाबलीपुरमच्या थोडं उत्तरेला सालुवनकुप्पम येथे लाटेने वाळू उपसली आणि खडकावरचे लेख उघडे पडले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळातला आहे. लेखात उल्लेख होता मुरुगनच्या एका देवळाचा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खणलं, तेव्हा खाली पल्लवकालीन दगडी देऊळ निघालं, आणि त्याच्याही खाली त्याहून जुनं, विटांचं. उत्खनन करणाऱ्यांना तिथे समुद्राच्या माऱ्याच्या खुणाही दिसल्या. एक देऊळ पडलं, त्याच जागी लोकांनी दुसरं उभारलं. हा समुद्राचा कोप खरा आहे, कारण त्याला जागा आहे, थर आहे आणि वर-खालचा क्रम आहे. कुमारीकंडमच्या भव्यतेपुढे हे एक छोटंसं देऊळ. मला मात्र तेच जास्त थरारक वाटतं.

१ डिसेंबर २०१५ ला चेन्नई बुडाली तेव्हाही प्रलय हाच शब्द सर्वांच्या तोंडी होता. पण त्या प्रलयाची नोंद ठेवली गेली: चोवीस तासांत तांबरमला ४९ सेंटीमीटर पाऊस, चेंबरंबाक्कम तलावातून अड्यार नदीत सोडलेलं २९,००० क्युसेक पाणी. ती नोंदवही तपासून कॅगने २०१८ मध्ये मांडल्या गेलेल्या अहवालात या पुराला मानवनिर्मित म्हटलं.